रंगवलेल्या कागदावर ठसा बिघडतो तेव्हा आधी ओल शोधा

कोऱ्या कागदावर रेखीव उमटणारा स्टॅम्प शाईने रंगवलेल्या बॅकग्राउंडवर आला की बिघडतो. कधी कडा फिसकटतात, कधी ठशाच्या मधोमध मिठासारखे पांढरे कण राहतात, कधी फुलाचा दुसरा लेयर पहिल्यावर बसतच नाही आणि पाकळीच्या एका कडेला रिकामी रेघ उरते. हाताने ग्रीटिंग कार्डं करणाऱ्या मैत्रिणी मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न विचारतात. प्रश्नासोबत बहुतेक वेळा उत्तरही आलेलं असतं: "माझा हात हलतो" किंवा "स्टॅम्पच चांगला नाही". हात हलतो, स्टॅम्पही कधी खराब निघतो. पण तोच तो बिघाड परत परत होत असेल, तर मी आधी ओल तपासते. नवा स्टॅम्प किंवा नवं इंक पॅड विकत घेण्याआधी तुम्हीही तेच करा. या एका गैरसमजापायी चांगलं सामान बाजूला पडलेलं आणि चांगला हुरूप मावळलेला मी पाहिला आहे.

माझ्या हे लक्षात आलं ते बारा कार्डांचा एक संच करताना. तीन लेयरचं फूल होतं: आधी फिकट भरीव आकार, त्यावर मध्यम छटेच्या सावल्या, शेवटी गडद रेषा. सहा कार्डांवर मी तिन्ही लेयर एका बैठकीत उमटवले. उरलेल्या सहांवर पहिला लेयर उमटवून फुलावर मास्क (रंग लागू नये म्हणून त्याच आकाराचा कागदी झाकण-तुकडा) लावला, भोवतीचं बॅकग्राउंड रंगवलं, पाण्याचे शिंतोडे उडवले, गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने सुकवलं आणि मग दुसरा लेयर घेतला. दोन्ही वेळा कागद स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्मच्या (कागद आणि स्टॅम्प जागेवर धरणारी, झाकण असलेली पाटी) त्याच कोपऱ्यात लोहचुंबकाखाली घट्ट बसवलेला, स्टॅम्प झाकणाला चिकटवलेला, जागचा न हललेला. तरी दुसऱ्या सहांवर लेयर सरकला. आणि तो सहाही कार्डांवर एकाच दिशेला सरकला होता.

हाताची चूक अशी वागत नाही. हात चुकला तर एका कार्डावर डावीकडे जाईल, दुसऱ्यावर वर जाईल. मी कार्डं ओळीने मांडून पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्याजवळच्या कळीवर लेयर अगदी बरोबर बसला होता, मधल्या फुलावर किंचित चुकला होता आणि पार टोकाच्या पानावर जवळपास एक मिलिमीटर सरकला होता. कोपऱ्यापासून जितकं लांब, तितकी चूक मोठी. याचा अर्थ कागद सरकला नव्हता, त्याचं माप बदललं होतं.

कागद ओल धरतो तेव्हा त्याचे तंतू फुगतात. ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत वाढतात. कारखान्यात कागद तयार होताना बहुतेक तंतू एका दिशेला लोळतात, त्यामुळे ओला झालेला कागद त्या दिशेला थोडा आणि तिच्या आडव्या दिशेला बराच जास्त पसरतो. हीट गन लावली की उलट होतं, कागद आकसतो, आणि फार तापवला तर मूळ मापापेक्षाही लहान होतो. मग तो हळूहळू हवेतली ओल परत शोषतो. सुकवलेला कागद अगदी पहिल्या मापावर येईलच असं नाही. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण लेयर्ड स्टॅम्पिंगमध्ये एक मिलिमीटर म्हणजे पाकळीची अख्खी कड.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही. एका फुलाचे सगळे लेयर एकाच बैठकीत, मधे पाणी आणू न देता उमटवायचे. बॅकग्राउंड त्याच्या आधी पूर्ण करून रात्रभर ठेवायचं, नाहीतर सगळे लेयर झाल्यावर फुलाला मास्क लावून रंगवायचं. दोन लेयरच्या मधे बॅकग्राउंड कधीच नाही.

लेयर सरकण्याची इतर कारणंही आहेत आणि ती ओळखायला सोपी आहेत. सगळीकडे सारखंच अंतर सरकलं असेल तर कागद कोपऱ्यात पूर्ण टेकला नव्हता. कापताना कडेला उरलेली बारीक लव किंवा कोपऱ्यातला कचरासुद्धा त्याला पुरतो. कार्डागणिक वेगळी चूक असेल तर लोहचुंबकाखाली कागद सैल आहे किंवा तुम्ही प्लॅटफॉर्मऐवजी ॲक्रिलिक ब्लॉकने, म्हणजे स्टॅम्प चिकटवून हाताने दाबायच्या पारदर्शक ठोकळ्याने, अंदाजाने ठेवताय. आणि कोपरे जुळतात पण मधला भाग जुळत नाही असं दिसलं, तर पारदर्शक स्टॅम्प ब्लॉकवर लावताना ताणला गेला आहे. हे स्टॅम्प ज्याचे असतात ते फोटोपॉलिमर मऊ असतं. शीटवरून सोलताना एका टोकाला धरून ओढलं की ते लांबतं आणि तसंच चिकटून बसतं. स्टॅम्प काढून कागदावर तोंड वर करून ठेवा, त्याला स्वतःच्या आकारात येऊ द्या, मग वरून ब्लॉक टेकवून उचला.

कोरडं आहे की नुसतं कोरडं दिसतंय

बोट लावून काही लागलं नाही म्हणजे कागद सुकला, असं आपण धरून चालतो. बोटाला फक्त वरचा थर कळतो. 300 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम) जाड कार्डस्टॉकच्या, म्हणजे कार्डाच्या कागदाच्या, पोटात त्यानंतरही बराच वेळ ओल राहते. मी दोन गोष्टी करते. एक म्हणजे कागदाची मागची बाजू हाताच्या पालथ्या बाजूला किंवा गालाला लावते. ओल उडून जात असताना कागद थंड लागतो. शेजारी त्याच जाडीचा कोरा तुकडा ठेवून दोन्ही लागोपाठ लावून पाहा, फरक लगेच समजतो. मात्र हीट गन वापरली असेल तर कागद आधी पूर्ण निवू द्या, नाहीतर गरमपणात ही खूण हरवते. दुसरी म्हणजे पांढऱ्या टिश्यूचा तुकडा बॅकग्राउंडवर ठेवून चमच्याच्या मागच्या बाजूने जोरात दाबते. टिश्यूवर रंग आला तर थांबायचं.

टिश्यूवर रंग येतोय पण कागद मुळीच थंड लागत नाही, असंही होतं. मग ती ओल पाण्याची नसते, वरच्यावर बसून राहिलेल्या शाईची असते. इथे शाईचा स्वभाव माहीत असावा लागतो.

डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदात मुरते, लवकर सुकते आणि पारदर्शक असते, म्हणजे खालचा रंग तिच्यातून दिसतो. पिगमेंट शाईत रंगाचे अगदी बारीक कण तरंगत असतात. ते कागदाच्या वर बसतात, त्यामुळे रंग अपारदर्शक आणि दाट दिसतो, पण सुकायला वेळ लागतो. गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर तर ती उष्णतेशिवाय नीट सुकतच नाही. दोन्ही मिसळून केलेल्या शाया असतात. 2017 साली आलेली रेंजर कंपनीची डिस्ट्रेस ऑक्साइड त्यातलीच, म्हणून तिचं बॅकग्राउंड मऊ, खडूसारखं दिसतं. बॅकग्राउंड रंगवायच्या बऱ्याच शाया मुद्दामच सावकाश सुकणाऱ्या केलेल्या असतात, ब्रशने रंग एकमेकांत मिसळायला अवधी मिळावा म्हणून. ब्लेंडिंगला हाच गुण उपयोगी पडतो, आणि त्यावर ठसा घेताना तोच आड येतो.

आता बिघाड आणि शाई जुळवून पाहू.

ठशाच्या कडांना केसासारखे बारीक फाटे फुटले असतील, तर डाय शाई ओल्या कागदात पडली आणि ओलीचा माग धरत पसरली. यावर एकच उपाय, थांबणं. घाई असेल तर हीट गन लांब धरून, हलवत ठेवून, कागदाच्या मागच्या बाजूने द्या आणि मग कागद पूर्ण निवेपर्यंत हात लावू नका. फाटे एकाच कागदावर नेहमी येतात आणि कोऱ्या जागेवरही येतात, तर मात्र दोष कागदाचा आहे. सैल बांधणीचा, पुरेसं सायझिंग (कागद फार शोषू नये म्हणून दिलेली खळ) नसलेला कागद शाई टीपकागदासारखी ओढतो.

फाटे नाहीत, पण अख्खी कडच धूसर आहे, जणू ठशाला सावली पडली आहे. अशा वेळी स्टॅम्पवर शाई जास्त झालेली असते. पॅड स्टॅम्पवर दाबू नका, हलक्या हाताने चार-पाच वेळा टेकवा. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर शाईचा थर सगळीकडे सारखा चमकला पाहिजे, खाचांमध्ये डबकी दिसता कामा नयेत.

मधोमध पांढरे कण राहत असतील, तर तीन ठिकाणी पाहावं लागतं, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चकतात. आधी तोच स्टॅम्प, तीच शाई, त्याच कागदाच्या कोऱ्या तुकड्यावर घ्या. तिथेही कण राहिले तर बॅकग्राउंडचा काही संबंध नाही. नव्या पारदर्शक स्टॅम्पवर कारखान्यातून आलेला एक निसरडा थर असतो, त्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. पांढऱ्या खोडरबराने स्टॅम्पचा पृष्ठभाग हलकेच घासा, एक-दोन ठसे रद्दी कागदावर घ्या, थर जातो. खरबरीत वॉटरकलर पेपर असेल तर शाई त्याच्या खळग्यांपर्यंत पोचत नाही, त्याला गुळगुळीत बाजू वापरणं किंवा प्लॅटफॉर्मवर दोन-तीनदा दाबणं हाच मार्ग. कोऱ्या तुकड्यावर ठसा छान आला आणि रंगवलेल्यावर कण राहिले, तर बॅकग्राउंडच्या शाईने कागदाची तहान भागलेली आहे. वरची डाय शाई मुरायला जागाच उरलेली नाही. अशा गच्च बॅकग्राउंडवर डाय शाईचा हट्ट सोडून पिगमेंट घ्या किंवा थेट एम्बॉसिंगकडे, म्हणजे चिकट ठशावर पावडर टाकून ती हीट गनने वितळवण्याकडे, वळा.

पांढऱ्या पिगमेंट शाईचं दुखणं वेगळं लिहायला हवं. लाल किंवा गडद गुलाबी बॅकग्राउंडवर पांढरा ठसा घेतला, पाहिल्यावर जीव सुखावला, आणि सकाळी तो फिकट गुलाबी झालेला! पिगमेंट शाईतल्या ओलीने खालची डाय परत विरघळली आणि पांढऱ्यात चढली. दुसरा हात मारला तरी तोही रंगतो. इथे मी पांढऱ्या शाईच्या नादी लागतच नाही. व्हर्सामार्कसारख्या चिकट पारदर्शक शाईने ठसा घेऊन पांढरी एम्बॉसिंग पावडर टाकते. वितळलेली पावडर प्लास्टिकसारखी कडक होते, तिच्यातून रंग वर येणं अवघड जातं.

मात्र एम्बॉसिंगमध्येही तीच ओल वाट अडवते. पावडर ठशाबाहेर सगळीकडे चिकटली, झटकली तरी निघेना, म्हणजे बॅकग्राउंड अजून चिकट आहे. अँटी-स्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवा असा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे, पण ती पुरचुंडी स्थिर विजेने आणि किंचित ओलसरपणाने चिकटणारे कण रोखते. ओल्या शाईवर तिचा उपयोग नाही, उलट शाईवर पांढुरका डाग पडतो. रात्रभर सुकवलेलं बॅकग्राउंड, मग पुरचुंडी, मग ठसा, मग पावडर, हा क्रम ठेवा. उरलेले चुकार कण कोरड्या बारीक ब्रशने, हीट गन लावायच्या आधी काढा. गन कागदापासून बाजूला धरून आधी तापू द्या आणि मगच जवळ आणा. गार गनची सुरुवातीची हवा पावडर उडवते, आणि जास्त वेळ एका जागी धरलेली गन कागद वाकवते.

ओल कागदाबाहेरही असते

कागद रात्रभर ठेवला, तरी ठसा डागाळला, असं कुणी सांगितलं की मी विचारते, स्टॅम्प कधी धुतला? बारीक नक्षीच्या खाचांमध्ये पाणी अडकून बसतं. वरून पुसलेला स्टॅम्प कोरडा दिसतो, आणि दाब पडला की खाचेतलं पाणी बाहेर येतं. रंगवलेल्या कागदावर त्याचा पांढुरका ओघळ पडतो, कारण बॅकग्राउंडची डाय पाण्याला लगेच दाद देते. कापडावर स्टॅम्प चार-पाच वेळा दाबून घ्या, नुसता पुसू नका.

ब्लेंडिंग ब्रशचंही तसंच. वरचे केस सुकतात, मुळाशी ओल राहते. रंगवताना मधेच गडद ठिपका पडला आणि तो काही केल्या मिसळेना, तर ब्रशच्या मुळाशी बोटं दाबून पाहा. मी धुतलेले ब्रश आडवे ठेवून पूर्ण दिवस सुकवते आणि रंगांच्या प्रत्येक गटाला वेगळा ब्रश ठेवते, म्हणजे कामाच्या मधे धुवायची वेळच येत नाही.

डागाळलेल्या ब्लेंडिंगचं दुसरं कारण ओल नसून सुरुवात आहे. भरलेला ब्रश थेट कागदावर टेकवला की तिथे गोल ठसा बसतो आणि तो निघत नाही. सुरुवात नेहमी मॅटवर, कागदाच्या बाहेर करा. गोल फिरवत फिरवत आत या, वजन न टाकता. रंग फिकट वाटला तर पुन्हा थोडी शाई घेऊन दुसरा हात द्या. ओल्या जागेवर जोर लावून घासलं तर कागद सोलवटतो, त्याचे बारीक गोळे निघतात, आणि त्या जागेवर पुढे कुठलाच ठसा नीट येत नाही.

मास्कखाली शाई शिरते तेही बहुधा ब्रशच्या दिशेमुळे. ब्रश मास्कवरून कागदाकडे जाऊ द्या, कागदावरून मास्कच्या कडेखाली नाही.

हवा दमट असेल तर हे सगळे वेळ दुप्पट धरा. पॅकेटमधला कोरा कागदही अशा दिवसात ओल धरून असतो. मी कार्डस्टॉक झाकणाच्या डब्यात आडवा ठेवते आणि काम सुरू करायच्या तासभर आधी बाहेर काढून खोलीच्या हवेला रुळू देते. वाकलेली कार्डं जाड पुस्तकांखाली दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून ठेवली की सरळ होतात, त्यात आणखी काही करायची गरज नाही.

रंग हरवतो तेव्हा

एक तक्रार ओलीची नसते, पण तिच्याच जोडीने येते. लेयर जुळतात, कडा स्वच्छ असतात, तरी फूल दिसतच नाही. डाय शाई पारदर्शक आहे हे विसरल्याने असं होतं. पिवळं फूल निळ्या बॅकग्राउंडवर हिरवट होणारच. फिकट पहिला लेयर तर पार विरघळून गेल्यासारखा वाटतो, आणि त्याच्याशिवाय वरच्या सावल्या नुसते डाग दिसतात. लेयर्ड स्टॅम्पचं सगळं सौंदर्य त्या पहिल्या फिकट आकारावर उभं असतं, म्हणून त्याला पांढरा कागद मिळालाच पाहिजे, या मताची मी आहे. फूल येणार तिथे मास्क लावून जागा कोरी राखा. नाहीतर फूल वेगळ्या पांढऱ्या तुकड्यावर उमटवा, कात्रीने कापा आणि फोम टेपने उचलून चिकटवा. काही जणींना हे कमीपणाचं वाटतं, सगळं एकाच कागदावर व्हायला हवं असा त्यांचा आग्रह असतो. मला तसं वाटत नाही. उचललेल्या फुलाखाली पडणारी खरीखुरी सावली कुठल्याही शाईने येत नाही.

फुलाभोवती काळी बाह्यरेषा असेल तर ती पाण्याने न विरघळणाऱ्या शाईनेच घ्या. साध्या काळ्या डायवरून ब्लेंडिंग ब्रश गेला की काळा रंग ओढला जातो आणि अख्खं बॅकग्राउंड मळकं होतं.

आणि जी कार्डं आधीच बिघडली आहेत ती फेकू नका. किंचित सरकलेला लेयर गडद बाह्यरेषेच्या स्टॅम्पने किंवा बारीक पेनने कड ओढून झाकता येतो. माझ्या त्या सहांपैकी चार अशीच वाचली. फिसकटलेला शुभेच्छेचा मजकूर पांढऱ्या पट्टीवर नव्याने उमटवून त्याच जागेवर चिकटवायचा. अगदीच गेलेल्या बॅकग्राउंडच्या मी बोटभर पट्ट्या कापते, प्रत्येकीच्या मागे शाईचं नाव आणि सुकायला दिलेला वेळ लिहिते, आणि नवीन शाई आली की आधी त्या पट्टीवर ठसा घेऊन पाहते. उरलेल्या दोन कार्डांच्या पट्ट्या अजून माझ्या डब्यात आहेत. एकीवर "हीट गन, लगेच" लिहिलं आहे आणि दुसरीवर "एक रात्र". दोन्हींवर एकाच स्टॅम्पचं, एकाच शाईतलं पान आहे, आणि ती शेजारी ठेवली की प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीला मला वेगळं काही सांगावं लागत नाही.